रुंद हातांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, माझ्यावर आजवर कोणी हौसेने बसलेले नाही. एरवी खुर्चीसाठी माणसे काय काय करतात, हे तुम्ही मोठ्या माणसांच्या बोलण्यात ऐकले असेलच. मला पाहिले की मात्र भलेभले म्हणतात, "असू दे, मी उभाच बरा आहे." कारण मी हाडांच्या दवाखान्यातली, इंजेक्शन द्यायच्या खोलीतली खुर्ची आहे.

माझा जन्म एका सुतारकाकांच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, भुशाचा ढीग आणि बिडीचा वास. आताच्या डॉक्टरबाईंचे वडील तेव्हा दवाखाना चालवत. ते स्वतः तिथे आले, शर्टाची बाही वर करून त्यांनी आपला हात एका फळीवर ठेवला आणि म्हणाले, "खुर्चीचे हात एवढे रुंद हवेत. कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण हात टेकला पाहिजे."

सुतारकाका हसले. "डॉक्टर, हे खुर्चीचे हात की जेवायची टेबलं?"

"टेबलं समजा. पण त्यावर हात ठेवला की माणसाला वाटलं पाहिजे, आपला हात कुणीतरी धरलाय."

सुतारकाकांनी ते मनावर घेतले. माझ्या अंगात त्यांनी खिळा ठोकला नाही. खाचेत खुंटी बसवून, गोंद लावून सांधे जुळवले. "सांधा नीट बसला की खुर्ची जन्मभर कुरकुरत नाही," असे ते म्हणत. माझे रुंद हात त्यांनी इतके गुळगुळीत घासले की मला स्वतःलाच स्वतःचा हेवा वाटू लागला. अशी नटूनथटून मी दवाखान्यात आले आणि पाहते तर काय, जो तो मला पाहून मागे सरकतोय!

सुरुवातीला मला फार वाईट वाटे. मग हळूहळू कळले की लोक मला घाबरत नाहीत, त्या सुईला घाबरतात. मी आपली उगाच बदनाम. एकदा एक धिप्पाड हमाल आला होता. पाठीवर कपाट वाहणारा माणूस. खांद्याला इंजेक्शन घ्यायचे म्हणून त्याने डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि दोन्ही हातांनी मला असे धरले की माझ्या खुंट्या करकरल्या.

"झालं का हो?" त्याने विचारले.

"अजून हातच धुतेय मी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सगळ्या शाळेला धाकात ठेवणाऱ्या एक मुख्याध्यापिकाबाईही आल्या होत्या. त्यांचे बोट वाकले की वाकलेलेच राही, दुसऱ्या हाताने ओढून सरळ करावे लागे. बाहेर बसून त्यांनी सगळ्यांना रांगेची शिस्त शिकवली. आत आल्यावर मात्र सिस्टरना हळूच म्हणाल्या, "जरा माझा हात धराल का?" मी कोणाला सांगितले नाही. आज तुम्हालाच सांगते आहे.

माणूस तोंडाने काहीही म्हणो, त्याच्या पकडीवरून मला सगळे समजते. कोणाची मूठ घट्ट असते, कोणाचे तळवे घामेजलेले असतात, कोणी नखाने माझे पॉलिश खरवडत बसतो. आणि इंजेक्शन झाल्यावर तीच मूठ सैल होते, तेव्हा मला जे वाटते ते काय सांगू! जाताना बहुतेक जण म्हणतात, "खुर्ची मात्र छान आहे हो." दवाखान्यात दुसरे कौतुक करण्यासारखे काही सापडत नाही म्हणून म्हणत असतील, पण मला ते पुरते.

डॉक्टरबाईंची एक पद्धत आहे, तीही सांगते. त्या कधीही आधी सुई हातात घेत नाहीत. आधी म्हणतात, "काय केल्यावर दुखतं ते करून दाखवा." इंजेक्शन दिल्यावर पुन्हा म्हणतात, "आता तेच करून दाखवा." पहिल्यांदा तोंड वाकडे झाले आणि दुसऱ्यांदा झाले नाही, तर औषध योग्य जागी गेले. आणि कितीतरी जणांना त्या सुई न देताच परत पाठवतात. एका माणसाचा गुडघा लालभडक, तापलेला होता आणि अंगातही कणकण होती. "आत जंतू असतील तर हे औषध देऊन चालत नाही. आधी मोठ्या हॉस्पिटलात जा, आजच," त्या म्हणाल्या. तो चिडला. "एवढ्या लांबून हात हलवत परत जाऊ?" पुढे त्याच्या भावाने मुद्दाम येऊन सांगितले, की आत खरेच जंतू होते, थांबलात ते बरे केलेत.

पण मित्रांनो, ज्या बाईची गोष्ट सांगण्यासाठी मी एवढे पाल्हाळ लावले, ती यानंतर आली. तिला मी बाळाची आई म्हणते.

ती आली तेव्हा बाळ तिच्याजवळ नव्हते, सासूबाईंच्या कडेवर होते. आठ महिन्यांचे गुटगुटीत बाळ सासूबाईंच्या चष्म्याची काडी चोखत होते. आई माझ्यावर बसली. तिचा डावा हात माझ्या डाव्या हातावर नीट टेकला. उजवा तिने ठेवला खरा, पण अंगठा अधांतरी धरलेला. चार बोटे माझ्यावर आणि अंगठा हवेत. मला ते चमत्कारिक वाटले.

"काय करताना दुखतं?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"बाळाला उचलताना," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे आता ती उचलतच नाही. आम्हीच घेतो."

"आई, तुमची पाळी नंतर," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या.

ती बोलू लागली. "मागच्या महिन्यात पलंगावरून उचलत होते त्याला. अंगठ्यातून अशी कळ गेली की हातच सुटला. गादीवर पडला म्हणून बरं. जमिनीवर पडला असता तर? तेव्हापासून माझी हिंमतच होत नाही. तो माझ्याकडे हात पसरायचा आणि मी हाताची घडी घालून बसायचे. आता तो पसरतच नाही. सरळ आजीकडे जातो."

बाळ आपले चष्म्याची काडी चोखतच होते. मी लाकडाची आहे, पण मला तेव्हा फार गलबलून आले.

डॉक्टरबाईंनी तिला अंगठा मुठीत घालायला आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितले. तिने वाकवले मात्र, "आई गं!" म्हणून डाव्या हाताने मला घट्ट धरले.

"हे पाहा," डॉक्टरबाईंनी तिच्या मनगटावर बोट ठेवून दाखवले, "अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या इथून एका अरुंद म्यानातून जातात. बाळाला उचलताना आपण अंगठे ताठ करून त्याच्या काखेत घालतो. दिवसातून किती वेळा, त्याला काही हिशोब? ते म्यान सुजलंय आणि दोऱ्या आत घासतायत. काही तुटलेलं नाही. कागदांवर दिसतंय, मनगटाला पट्टा बांधून झाला, गोळ्या घेऊन झाल्या. आता त्या म्यानात थोडं औषध सोडून बघू."

"सुई नको हो," सासूबाई म्हणाल्या. "एकदा टोचलं की सवय लागते म्हणतात. आमच्या शेजारणीच्या जावेला..."

"सुईची सवय लागत नाही, आई. दुखण्याची लागते. आणि ही सुई मी तरी ऊठसूट देत नाही." मग त्यांनी बाळाच्या आईला काही न लपवता सांगितले, की टोचल्यावर एक-दोन दिवस दुखणे वाढू शकते, त्या जागची कातडी कधीकधी फिकट पडते, आणि काहींना याने गुण येतच नाही. "चालेल?"

तिने बाळाकडे पाहिले. "चालेल."

तिच्या मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी आली आणि तिचा हात माझ्या रुंद हातावर पसरला. मी जीव मुठीत धरून बसले होते. खुर्चीला मूठ नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही. डॉक्टरबाईंनी जागा पुसली आणि सुई तिरपी आत घातली. औषध सोडताना जोर लागला, तशा त्या थांबल्या. सुई केसभर मागे घेतली. औषध दोरीच्या भोवती जायला हवे, दोरीत शिरायला नको, म्हणून त्या असे करतात. मग औषध सुरळीत गेले.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता तेच करून दाखवा."

तिने भीतभीत अंगठा मुठीत घातला. मनगट वाकवले. आणखी वाकवले. "दुखत नाही! अहो, खरंच दुखत नाही!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होते.

"थांबा, एवढ्यात नाचू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे आजचं बरं वाटणं खोटं आहे. औषधात बधिर करणारा भाग असतो, त्याची ही करामत. तो संध्याकाळपर्यंत उतरेल. सूज उतरवणारा भाग सावकाश काम करतो, त्याला दिवस लागतात. तोवर पट्टा बांधायचा आणि हाताला पूर्ण आराम. बाळ कुणाकडे?"

"आजीकडे," ती म्हणाली.

"शाबास."

पण मित्रांनो, माणसाचे कान दुखणे असेपर्यंतच उघडे असतात. दुखणे थांबले की पालथ्या घड्यावर पाणी.

दोन दिवसांनी ती परत आली. चेहरा उतरलेला, हात ओढणीत लपेटलेला. माझ्यावर बसली ती अंग टाकूनच. "हात मेला माझा," ती म्हणाली. "पहिल्यापेक्षा दुप्पट दुखतंय. त्या रात्री डोळा लागला नाही."

सासूबाई दाराशी बाळाला घेऊन उभ्या होत्या. त्या "मी सांगत होते ना" असे म्हणणार, याची मी वाटच पाहत होते. पण त्या बाळाचे झबले सारखे करत राहिल्या.

डॉक्टरबाईंनी हात उलटसुलट पाहिला. "लाली नाही, हात तापलेला नाही, तापही नाही. हे चांगलं आहे. परवा घरी गेल्यावर काय काय केलंत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

ती खाली मान घालून पट्ट्याशी चाळा करू लागली. तेवढ्यात दाराशी सासूबाई घसा खाकरून म्हणाल्या, "तिला नका विचारू. मीच दिलं बाळ तिच्या हातात. इथल्या पायऱ्या उतरताना. म्हटलं, घे गं बाई, घे, किती दिवसांनी घेतेयस. मग तिनं दिवसभर त्याला खाली ठेवलाच नाही. आंघोळ घातली, झोपवला, झोपेतसुद्धा मांडीवरच."

"मला ठेवायचाच नव्हता," बाळाची आई म्हणाली आणि रडू लागली.

डॉक्टरबाई रागावतील असे मला वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सिस्टरना पाणी आणायला सांगितले आणि सासूबाईंकडे निरखून पाहिले. "आई, तुम्ही बाळाला सारखं उजव्याच कडेवर का घेता? डावा हात वर करा बघू."

"त्याला काय झालंय? वयाचं आहे ते."

"करा तर."

हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. सासूबाईंनी ओठ दाबून धरले. सुनेने रडणे थांबवले. "तुम्ही बोलला नाहीत कधी?"

"बोलून काय करू? तू घेणार होतीस का त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर त्या दिवशी तुझ्या हातात दिला. तुझ्यासाठी म्हणून दिला, आणि माझा खांदाही भरून आला होता. दोन्ही खरं."

मग सून उठली, "बसा" म्हणाली आणि सासूबाई माझ्यावर बसल्या. किती दिवसांनी कोणीतरी त्यांना "बसा" म्हणाले असेल, कोण जाणे. डॉक्टरबाईंनी खांदा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "तुम्हाला सुई नको. व्यायाम सांगते, ते करा."

"म्हणजे टोचणार नाही?" सासूबाई म्हणाल्या. त्यात हायसे वाटणे किती होते आणि हिरमुसणे किती, हे मलाही नीट कळले नाही. आता शेजारणीच्या जावेला सांगायला त्यांच्याजवळ काही उरले नव्हते.

"मला लगेच दुसरं द्या ना," बाळाची आई काकुळतीने म्हणाली.

"नाही. पहिल्याला काम तर करू द्या. हे वाढलेलं दुखणं बहुतेक आपोआप उतरेल. बर्फाचा शेक, पट्टा आणि आराम. तीन आठवड्यांनी या. आणि घरातल्या पुरुषांना हात आहेत ना? बाळाची आंघोळ त्यांना जमते. सांगून बघा."

ती गेली. मला मात्र चैन पडेना. गुण आला नाही तर? काहींना येत नाही, असे डॉक्टरबाईच म्हणाल्या होत्या. मग ते बाळ मोठे होईपर्यंत ती हाताची घडीच घालून बसणार का? दुसऱ्या कोणा रुग्णाबद्दल मी इतका विचार केला नव्हता.

त्यातच माझे ग्रह फिरले. खोली झाडताना मला नेहमी एकाच हाताला धरून ओढत. औषधाची खोकी आणणारा गृहस्थ गप्पा मारायला म्हणून त्याच हातावर बूड टेकवून बसे. माझा उजवा सांधा ढिला झाला. सुतारकाकांनी जन्मभराची हमी दिली होती, पण ती बसणाऱ्यांसाठी होती, ओढणाऱ्यांसाठी नव्हती. मी कुरकुरू लागले. कोणाला ऐकू आले नाही.

एके दिवशी एक नवी खुर्ची आली. चाके असलेली, दांडा ओढला की वरखाली होणारी. सगळे तिच्याभोवती जमले. खोकीवाल्याने तर तिच्यावर बसून एक चक्करही मारली. "बाबांची खुर्ची आहे, टाकायची नाही," असे डॉक्टरबाई म्हणाल्या, म्हणून मी वाचले. मला बाहेर कोपऱ्यात ठेवले. माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे आली, त्यावर कोणाची तरी छत्री, त्यावर एक हेल्मेट. कामापुरता मामा म्हणतात ना, ते हेच. पण खरे सांगू? अडगळीत पडल्याचे दुःख होतेच, पण त्याहून मोठी टोचणी वेगळी होती. बाळाची आई येईल, नव्या खुर्चीवर बसेल आणि निघून जाईल. तिच्या अंगठ्याचे काय झाले, ते मला कळणारच नाही.

ती आली, त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. बाकावर जागा नव्हती. बाळ तिच्याच कडेवर होते. डावीकडे, सगळा भार दंडावर घेऊन, अंगठ्याला कसलाही त्रास न देता. हे ती पट्ट्याच्या दिवसांत शिकली असणार. म्हणजे अंगठा बरा झाला की नाही, हे अजून कळत नव्हते. मागून सासूबाई नुसती पिशवी घेऊन आल्या.

"अगं, ही तर आपली खुर्ची!" सासूबाई म्हणाल्या. हेल्मेट, छत्री आणि वर्तमानपत्रे त्यांनी खाली ठेवली. "काय दशा केलीय बिचारीची." बिचारी म्हटल्याचा मला राग यायला हवा होता. आला नाही.

आईने वाकून बाळाला माझ्यावर सोडले. ते माझा रुंद हात धरून उभे राहिले, नुकतेच उभे राहायला शिकलेले. त्याने माझ्या हातावर दोन थापट्या मारल्या आणि माझा ढिला सांधा कुरकुरला. बाळ दचकले. ओठ काढले. आणि सवयीने त्याने आजीकडे हात पसरले.

सासूबाईंनी हाताची घडी घातली.

बाळाने पाहिले. आजी घेत नाही, म्हणजे काय? असे कधी झाले नव्हते. ते क्षणभर घोटाळले आणि मग वळून त्याने आईकडे हात पसरले.

तिने पट्टा काढला आणि सासूबाईंच्या पिशवीत टाकला. दोन्ही तळवे पुढे केले. बाळाच्या काखेत बोटे घातली, अंगठे पुढून टेकवले, आणि तिथेच थांबली. मित्रांनो, माझ्या अंगावर तेव्हा बाळाचा सगळा भार होता. तो तसाच राहिला. पुन्हा ती कळ येईल, या भीतीने ती श्वास रोखून उभी होती, आणि मीही होते.

मग भार हलका झाला. थोडा, आणखी थोडा. बाळाचे पाय माझ्यावरून सुटले आणि माझ्यावर काहीच उरले नाही. बाळ वर होते, तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या दोन्ही हातांत.

"आली का कळ?" सासूबाईंनी विचारले. त्यांची घडी अजून सुटलेली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "जराशी ओढ लागली. कळ नाही आली." आणि बाळाच्या पोटात तोंड खुपसून ती इतक्या मोठ्याने हसली की बाकावरची सगळी रांग वळून पाहू लागली. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला. बाळाने चोखून तो खराब केला होता, असे त्या म्हणाल्या.

हुश्श! तसा सुटकेचा श्वास मी पुन्हा कधी टाकला नाही.

आत गेल्यावर तिने डॉक्टरबाईंना माझ्या ढिल्या हाताबद्दल सांगितले. त्यामुळे सुतारकाकांचा मुलगा आला. त्याने खुंटी काढली, जुना गोंद खरवडला, नवा भरला आणि माझा हात दोरीने आवळून बांधला. "आत्ताच घट्ट वाटेल," तो म्हणाला, "पण गोंद आतून ओला असतो. आठवडाभर कुणी बसू नका." सिस्टरनी माझ्यावर चिठ्ठी लावली, 'हाताला आराम.' सगळे हसले. खोकीवाला मात्र ती न वाचताच बसायला आला, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला उठवले.

आता मी बाहेरच असते. नंबर येईपर्यंत लोक माझ्यावर बसतात आणि माझे हात धरतात. आत नवी खुर्ची वरखाली होत असते. होऊ दे बापडी.

तेव्हा मित्रांनो, खुर्चीला एका हाताने ओढू नका आणि तिच्या हातावर बसू नका. कुरकुर ऐकू आली तर सांधा मोडेपर्यंत थांबू नका. बरे वाटले म्हणजे बरे झालो, असेही समजू नका. गोंद सुकू द्या. आणि तुमच्या घरात कोणी हाताची घडी घालून गप्प बसलेले दिसले, तर ते रुसले आहे असे धरून पुढे जाऊ नका. आधी जवळ बसा आणि विचारा, कुठे दुखते आहे?